बॅटरीवरचं सागवानी झाकण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या गॅरेजचे मालक माननीय चन्नवीरअण्णा, मोटार तपासणीच्या कचेरीत उभी हयात घालवलेले प्रमुख पाहुणे मुकुंदराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी (माझ्याहून वडीलधारं तिथं कोणी दिसत नाही, पण म्हणायची पद्धत आहे), ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती सिद्धाराम मिस्त्री, त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई, गॅरेजमधले सगळे कामगार, आणि चिवड्याच्या वासाकडे नाक लावून बसलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, तुम्हा सर्वांना वळसंगच्या गोजरबाईचा नमस्कार.

माझ्या हातात कागद दिसतो आहे म्हणून फसू नका. तो शोभेला आहे. मला एक अक्षर वाचता येत नाही. चार दिवस मी सांगत होते आणि माझी नात दुर्गा लिहीत होती, मग तिनं तो मला इतक्या वेळा वाचून दाखवला की पाठ झाला. लिहिताना ती माझ्या बोलण्याला इस्त्री मारत होती. एखादा शब्द फार शहाणा वाटला तर तो तिचा समजावा.

अण्णांनी मला सांगितलं, आजी, तुमच्या गाडीबद्दल दोन शब्द बोला. अण्णांनी दोन शब्दांत आटोपणारी बाई कुठं पाहिली असेल ते त्यांनाच ठाऊक. पण मी आले ती गाडीचं कौतुक करायला आलेली नाही. सिद्धारामाला आज जे मानपत्र द्यायचं आहे, त्याचा मजकूर दुर्गानं मला आधीच वाचून दाखवला. फार सुंदर लिहिला आहे. त्यात एक वाक्य आहे: 'एक अपवाद वगळता त्यांच्या हातून कामात कधी चूक झाली नाही.' आता हा एक अपवाद कुठला, ते या सभागृहात निम्म्या लोकांना ठाऊक आहे. वळसंगच्या गाडीची बॅटरी. त्या एका वाक्यासाठी मी आले आहे.

ती गाडी आमच्याकडे कशी आली, ते थोडक्यात सांगते. माझ्या मुलाच्या, जोतीरामच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या घरच्यांनी, एका गिरणीच्या साहेबाकडून ती अठ्ठेचाळीस साली घेतली. गाडी सदतीस सालची, अमेरिकन. कोंडीबा तेव्हापासून तिचा ड्रायव्हर. वळसंगात अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला तीच गाडी. जोतीरामचे वडील परत येताना वेशीपाशी हॉर्न वाजवायचे आणि मी तव्यावर भाकरी टाकायची. एकोणसत्तर साली ते गेले, गाडी राहिली.

पण गाडी होती सहा व्होल्टची. दिवे लावले तर निरांजनासारखे. सेल्फचं बटण दाबलं तर नुसती कण्हायची, मग कोंडीबा पुढं जाऊन हँडल मारायचा. एक्काहत्तरच्या श्रावणात हँडल उलटं फिरलं आणि कोंडीबाचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातात जोर राहिला नाही. जोतीराम म्हणाला, गाडी भंगारात देऊ, जीप घेऊ आणि चांगला तरणा ड्रायव्हर ठेवू. कोंडीबा ओसरीच्या पायरीवर बसला होता. त्यानं ते ऐकलं आणि गाडीच्या काचा पुसायला गेला. एका हातानं. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि नेहमीप्रमाणे झोपला आहे. त्याला उठवू नका.

तेव्हा मी या गॅरेजात आले आणि सिद्धारामाला विचारलं, नुसतं बटण दाबून गाडी सुरू होईल असं काही करता येतं का? तो म्हणाला, "येतंय की अव्वा. सहावरनं बारावर न्यायची." मी म्हटलं, मला कळेल असं सांग. त्यानं सांगितलं, पाण्याची टाकी जमिनीवर असली तर धार बारीक, माडीवर चढवली तर धारेला जोर. मी विचारलं, आणि खालची भांडी फुटली तर? तो हसला. म्हणाला, "म्हनून तर ज्याला धार सोसत न्हाई ते सगळं बदलायचं."

अकरा दिवस तो आमच्या अंगणात काम करत होता. डायनामो बदलला, कटआऊट बदलला, कॉइल बदलली, एकूण एक बल्ब बदलला. सेल्फ तेवढा जुनाच ठेवला. तो जाड तारेचा आहे, सोसतो, फक्त बटण फार वेळ दाबून धरू नका, असं कोंडीबाला तीनदा बजावलं. हॉर्नही बदलावा लागेल म्हणाला. मी म्हटलं, हॉर्न बदलायचा नाही. त्यानं कारण विचारलं नाही. दोन दिवस खटपट करून एक तारेचं वेटोळं मधे घातलं आणि तोच हॉर्न, त्याच आवाजात बारावर वाजवून दाखवला. मी तेव्हा घरात जाऊन उगाचच चूल फुंकत बसले.

बॅटरीची मात्र जागा बदलली. सहाची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीखाली असायची, कोणाला दिसायची नाही. बाराची लांबीला जास्त, तिथं बसेना. म्हणून सिद्धारामानं बॉनेटच्या आत लोखंडी पट्ट्या ठोकून ती उघड्यावर बसवली. कोंडीबानं डाव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. जोतीरामनं तोंडानं काही कबूल केलं नाही, पण दसऱ्यापर्यंत ठेवून बघू म्हणाला. आमच्या घरात एवढं म्हणजे पुष्कळ.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, पाभर, विळे, सगळ्यांची पूजा असते, आणि गाडीची. जोतीरामचे वडील होते तोवर गाडीची पूजा मी करायची. ते गेल्यावर हळदीकुंकवाच्या करंड्याला मी हात लावला नव्हता. लावायचा नसतो म्हणतात. कोण म्हणतं, ते विचारलं की सगळे दुसऱ्याकडं बोट दाखवतात. पूजा माझी सून वच्छला करणार होती. माझं तिच्याशी भांडण नव्हतं. पण ती गाडी बारा व्होल्ट अंगात घेऊन नव्यानं उभी राहिली होती आणि मला वाटलं, एकदा मीच हात लावावा. सगळे आंघोळीपांघोळीत होते. मी करंडा, अक्षता आणि तांब्याचं ताम्हन पदराखाली घेतलं आणि गाडीकडं गेले.

बॉनेट उघडलं. हॉर्नला कुंकू लावलं. बॅटरीला लावलं, अक्षता वाहिल्या. मग ताम्हन कुठं ठेवावं? बॅटरीच्या वर तारा जोडायच्या दोन खुंट्या. ताम्हनाचा घेर त्या दोन्हींवर बेताचा बसणारा. मी म्हटलं, बघा, सिद्धारामानं देवाला जागासुद्धा करून ठेवली आहे. आणि ठेवलं.

इथं बसलेल्या मिस्त्री लोकांनी कपाळाला हात लावलेला मला दिसतो आहे. बाकीच्यांना सांगते, त्या दोन खुंट्या धातूनं एकमेकींना जोडायच्या नसतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सिद्धाराम तरी काय सांगणार? बॅटरीवर ताम्हन ठेवू नका, हे जगातल्या कुठल्या मिस्त्रीला सुचलं असतं? मोठी ठिणगी उडाली, एक खुंटी वितळली, ताम्हनाच्या काठाचा टवका उडाला. मी पदरानं ताम्हन ओढून काढलं, बॉनेट लावलं आणि देवघरात जाऊन जपमाळ धरली.

तासाभरानं वच्छला पूजेचं ताट घेऊन आली. गाडी अंगणाच्या मधोमध आणायची म्हणून कोंडीबानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. अंगणात सगळं गाव. तेवढ्यात सिद्धाराम सायकलीवरून आला, त्याला जेवायला बोलावलं होतं. त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग खिशातला बोळा काढून काहीतरी पुसलं. उभा राहिला आणि जोतीरामला म्हणाला, "नट ढिला ऱ्हायला हुता, त्यानं खुंटी जळली. माझी चूक हाय."

मी दारात उभी होते. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

मी का बोलले नाही? वर्षाच्या सणाला विधवेनं पूजा केली आणि ठिणगी उडाली, एवढं गावाला पुरलं असतं. पुढं गाडीत बसलेल्या बाळंतिणीचं काही बरंवाईट झालं असतं तर तेही माझ्याच नावावर गेलं असतं. ही भीती खरी होती. पण मी भ्यायले आणि दंड दुसऱ्यानं भरला, हेही खरं आहे. सिद्धारामानं दुसरी बॅटरी आणून बसवली, म्हणून गाडी आणि कोंडीबा दोघंही राहिले. पण जोतीरामनं अण्णांना पत्र धाडलं, आणि अण्णांनी सिद्धारामाच्या हातातून वायरिंग काढून त्याला ग्रीसच्या कामावर घातलं. अकरा महिने. त्याच वर्षी हेडमिस्त्री नेमायचा होता. तो दुसराच नेमला गेला. अण्णा, मान खाली घालू नका. तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही वागलात. जोतीराम, तूही बसून राहा, घरी गेल्यावर काय रागवायचं ते रागव.

पुढच्या खंडेनवमीला सिद्धाराम सायकलीला एक फळी बांधून आला. त्याच्या घरच्या जुन्या पाटाचं सागवान. त्याचं त्यानं बॅटरीवर बरोबर बसणारं झाकण केलं होतं, कडेला खाचा, काढघाल करायला मूठ. अंगणात कोणी नाही असं बघून म्हणाला, "अव्वा, आता वर ताम्हन ठेवा न्हाईतर समई ठेवा. खाली काय लागत न्हाई."

मी विचारलं, तुला कळलं होतं?

"बॅटरीला अक्षता कोन वाहतंय? वच्छलाबाईंची पूजा तर व्हायची हुती."

मग बोलला का नाहीस?

तो झाकणाची मूठ हलते का ते बघत होता. म्हणाला, "नट ढिला म्हनलं तर लोक नट आवळा म्हनत्यात. तुमचं नाव घेतलं असतं तर काय आवळलं असतं?"

त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. मी त्याला पुरणपोळी वाढली. सात वर्षं दर दसऱ्याला मी त्या झाकणावर गुपचूप कुंकू लावते आणि त्याला पुरणपोळी वाढते. पुरणपोळीनं असली कामं होत असती तर आज मी इथं आले नसते. परवा त्याला विचारलं, सभेत सांगू का? तो म्हणाला, राहू द्या. म्हणून मग मी विचारणंच सोडून दिलं.

अध्यक्षमहाराज, मानपत्राला अजून काच बसवलेली नाही, मी चौकशी केली आहे. दुर्गाकडं शाईचं पेन आहे. 'एक अपवाद वगळता' एवढे शब्द तिनं तुमच्यासमोर खोडावेत, अशी माझी विनंती आहे. मला वाचता येत नाही, पण रेघ मारलेली दिसते. आणि सत्कारमूर्तींना कुंकू लावायला वच्छलेचं नाव कार्यक्रमात आहे. वच्छला, ताट माझ्याकडं दे. आज त्याच्या कपाळाला मी कुंकू लावणार आहे. ताटात ताम्हनही तेच आहे, काठाचा टवका उडालेलं. कोणाला खात्री करून घ्यायची असेल त्यांनी पुढं यावं.

मला बोलायला उभं केलंत, इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल अण्णांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मी आभार मानते. शेवटी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्यावं, असं सभेकडं बघून म्हणायचं असतं. सभेनं मला माफ करावं, मी ते सिद्धारामाकडं बघून म्हणते.