परबकाकांची गाडी सकाळी सुरू होत नव्हती

माझा जन्म चिंचपोकळीचाच, याच चाळीतला. वडील मालवणकडचे, गिरणीत होते, गिरणी गेली तसं म्हणाले दत्ता, हातात काहीतरी काम ठेव, म्हणून शाळा सोडून गॅरेजात शिरलो, आता तीस वर्षं होतील, आणि काय सांगू तुम्हाला, आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतो असं माझं नाव झालेलं, पार शिवाजी पार्कवरून लोक गाड्या घेऊन यायचे. मला त्याची मस्ती होती. होती म्हणजे होतीच.

तळमजल्यावर परबकाका आणि काकी, पोरबाळ नाही, लहानपणी मी अर्धा वेळ त्यांच्याकडेच जेवलेला. काकांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी चाळीच्या अंगणात उभी असायची. रात्रभर उभी राहिली की सकाळी काही केल्या सुरू व्हायची नाही, सेल्फ मारला की नुसतं खर्र खर्र खर्र. पण चाळ आहे ना! काका हाक मारायचे, चारपाच जण टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश, असे यायचे आणि धक्का मारायचे, फाटकापाशी गाडी धूर सोडत सुरू व्हायची, काकी दारातून हसायच्या, दत्ता, उद्या तरी सुरू होतली काय रे ही? मीपण धक्का मारायचो. मेकॅनिक असून मीपण हसत हसत धक्का मारायचो, हे लिहा तुम्ही.

तीनदा काका ती गॅरेजला घेऊन आले. चालवत आले म्हणजे इंजिन तापलेलं, मी चावी फिरवली की पहिल्या झटक्याला सुरू. मी म्हटलं काका, हिला काही झालेलं नाही, हिला सकाळी तुमच्यासारखाच चहा लागतो. काकासुद्धा हसले. आता गार गाडीचा आजार गार असतानाच बघायचा असतो, बोनेटला हात लावायचा, गार लागलं तरच चावी फिरवायची, हे मला ठाऊक नव्हतं का? गिऱ्हाइकाची गाडी मी रात्रभर ठेवून घेतली असती. ही घरची, अंगणातच उभी, बघू कधीतरी, म्हणून राहिलं ते राहिलंच.

मग गणपती आले. आमची चाळ सगळी कोकणातली, गणपतीला सगळ्या दारांना कुलपं. मीपण गावाला. काकींना गुडघ्यांनी प्रवास होत नव्हता म्हणून ती दोघंच मागे राहिली. चतुर्थीच्या सकाळी काकींच्या छातीत कळ आली. काकांनी त्यांना धरून गाडीत बसवलं, चावी फिरवली, खर्र खर्र, काका मला सांगत होते, वाटलं आता होईल, आता होईल, आणि त्यातच बॅटरी बसली. मग सवयीने हाक मारली त्यांनी. चाळीत धक्का मारायला होतं कोण? लालबागच्या बाजूला गर्दी, टॅक्सी मिळेना. हॉस्पिटलात पोचले तेव्हा काकी गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले थोडं आधी आणायला हवं होतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी मी बोनेट उघडलं, गार असताना. चोकची तार आतून निसटलेली. बटण बाहेर यायचं, पण आतली झडप मिटतच नव्हती. गार इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागतं ते मिळत नव्हतं, तापलं की चोक लागतच नाही म्हणून माझ्याकडे सुरू व्हायची. एवढंच. तार अडकवली, झालं. अंगणातच बसून रडलो मी.

काका मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. अजून पहाटे मला ते खर्र खर्र ऐकू येतं, दचकून उठतो, गॅलरीतून बघतो तर गाडी गप उभी.

काका ती चालवत नाहीत, विकतही नाहीत. चावी माझ्याकडे दिलीय. रोज सकाळी मी बोनेटला हात लावतो, चोक ओढतो, चावी फिरवतो, पहिल्या झटक्याला सुरू. काका दारात उभे असतात, विचारतात, झाली काय रे दत्ता? मी म्हणतो झाली काका. मग ते येऊन डावीकडचं दार उघडतात, थोडा वेळ तसंच धरून ठेवतात, कोणीतरी बसायचं असल्यासारखं, आणि हळूच लावतात. जाताना म्हणतात, देव तुजा बरा करो. रोज म्हणतात. मी मान खाली घालून तो आशीर्वाद घेतो, नको म्हणायची माझी हिंमत नाही.