बाबांचा नंबर

अर्जुनी मोरगावच्या मोबाईल दुकानात रुख्मा रिचार्जसाठी थांबली होती. तिच्यापुढं एक शाळकरी मुलगी आपल्या आबाजीसोबत उभी होती.

"माहे बाबा वारले जी. त्याईचा नंबर माह्या नावावर करून द्या."

"वय किती तुह्यं?"

"सतरा."

"मंग तुही सही नाही चालत, बेटा. अठराच्या आतला करार कायदा मानत नाही."

"नंबर बंद झाला तं? दादा बाबासंगं भांडून घर सोडून गेला. त्याले हा एकच नंबर पाठ आहे."

"माह्या नावानं करा जी," आबाजी म्हणाले. "मी करतो सही."

रुख्माची बस सुटायला आली होती, पण तिचा पाय निघेना.

"आबाजी, फोन वाजला तं तुमी उचलू नका."

"काऊन वं?"

"तुमचा आवाज बाबासारखाच आहे. दादाले वाटन बाबाच बोलून राहिले, अन् तो ठेवून देईन."