मोगरी गाईची घंटी काढल्याबाबत

नाव नवसाबाई सावळीराम काकड, वय अंदाजे ७१ (आधार कार्डावर ६६ आहे, ते लिहिणाऱ्याचे चुकले), शिक्षण इयत्ता दुसरी, व्यवसाय शेती व फुलविक्री, राहणार मखमलाबाद शिवार, नाशिक.

मी आज शुक्रवारी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, सगळ्यात आधी आली ती प्रतिभा. सोमवारी सकाळी आठ वाजता. गंगापूर रोडच्या ‘आपला शेजार’ रेडिओवर रोज सकाळी बोलते तीच. आवाजावरून मला ती चांगली उंच, भरल्या अंगाची वाटायची, निघाली काडी. मी म्हणाले, “अगं, एवढा आवाज ठेवतीस कुठं?” तिच्या मागून यंत्र घेऊन संघर्ष आला. तो आवाज भरून घेतो. त्यांच्या ‘मळ्यातली सकाळ’ या कार्यक्रमात मी शेवंतीबद्दल बोलायचे ठरले होते. मी नवी साडी नेसले होते. सून म्हणाली, “आत्या, रेडिओवर साडी दिसत नाय.” मी म्हणाले, “यांना तर दिसंल.”

संघर्षने कानाला यंत्र लावून ऐकले व आवाज फार आहेत असे सांगितले. म्हणून पाण्याची मोटर बंद केली. कुत्रा खोलीत कोंडला. भिंतीवरचे घड्याळ गोधडीत गुंडाळले. मग त्याने माझ्या मोगरी या गाभण गाईकडे बोट केले. मोगरी काळी-पांढरी, पहिल्या वेताची, दिवस भरत आलेली आहे. तिच्या गळ्यातली घंटी वाजत होती. तो म्हणाला, “आजी, घंटी पाच मिनिटं काढू या. आणि हिला जरा लांब बांधतो.” मी म्हणाले, “अरे, मळ्यातली सकाळ म्हणतोस आन् मळ्याचंच तोंड दाबतोस?” पण घंटी मीच काढून दिली. ही माझी चूक आहे, तसे लिहावे. गाय त्याने ओढ्याकाठी बाभळीला बांधली.

मी तासभर बोलले. प्रतिभा “वा आजी, वा आजी” करत होती, त्यामुळे मला गाईचे भान राहिले नाही. दहा वाजता चहा पिऊन ते गेले. मी ओढ्यावर गेले तर बाभळीपाशी ना गाय, ना दावे. संघर्षला फोन लावला. तो म्हणाला, “आम्ही वायर बांधतो तशीच गाठ मारली होती, आजी. एका झटक्यात सुटते, सोपी असते.” मी म्हणाले, “कोणाला सोपी रे? गाईला?”

सोमवार, मंगळवार माझा मुलगा व शेजारची माणसे शोधत होती. बुधवारी सकाळी सात वाजता कार्यक्रम लागला. माझा आवाज सगळ्या शिवारात ऐकू गेला, मला फार आनंद झाला, खोटे कशाला बोलू. परंतु माझ्या बोलण्याच्या मागे पाखरे ओरडत होती व गाईची घंटी वाजत होती. माझी घंटी तर फळीवर होती. प्रतिभाला विचारले असता ती म्हणाली की फार शांत वाटत होते, म्हणून ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधून आवाज टाकले. ती घंटी ऐकून शेजारी समजले की मोगरी घरी आली. ते शोधायचे थांबले.

त्याच दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत गाय हरवल्याचे सांगितले. ते नवनाथ नावाच्या बातम्यावाल्याने वाचले. त्याने गाय पाहिलेली नाही. रंग मी फोनवर सांगितला होता, पण सकाळचा कार्यक्रम ऐकून त्याने “गळ्यात घंटी असलेली काळी-पांढरी गाय” असे लिहिले. काल गुरुवारी पलीकडच्या शिवारातला गोटीराम भेटला. म्हणाला, “मावशी, तशी एक गाय सकाळी माझ्या कोथिंबिरीत व्हती. पन घंटी नव्हती. म्हंटलं दुसऱ्याची, दिली हाकलून कालव्याच्या अंगाला.” मी कपाळाला हात लावला. रेडिओवर पुन्हा फोन केला. नवनाथ म्हणाला की दुरुस्ती सांगायची तर आधी साहेबांची परवानगी लागते, आणि साहेब घोटीला गेले आहेत.

हवालदारांनी विचारले, “आजी, संशय कोणावर?” माझा संशय नाही. पोरे गोड आहेत, त्यांना इथे बोलावून दरडावू नये. पण मोगरीचे पहिलेच वेत आहे. वासरू आडवे आले तर तिच्याजवळ माणूस पाहिजे. तरी कालव्याच्या बाजूला आजच शोध व्हावा, अशी माझी विनंती आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. नुसते ‘गाय’ लिहिले होते, तिथे मी ‘गाभण गाय’ घालायला लावले. आता सगळे मी बोलले तसेच आहे, म्हणून सही करते. मोगरी विण्याचा दिवस जनावरांच्या डॉक्टरांनी येता रविवार सांगितला आहे. प्रतिभा व संघर्ष ‘मोगरीचा शोध’ असा कार्यक्रम भरून घ्यायला मंगळवारी सकाळी येतो म्हणाले आहेत.