दम्मामला अडकलेलं व्याख्यान

यासीन : ...आणि मग त्याने ती कोरी सीडी लावली, साहेब. वर नाव नाय, चित्र नाय. आत बाईचा आवाज. मी लगेच ओळखला. वहिनींचा.

हेमचंद्र : अलका, सामान पाठवताना तू म्हणालीस, खोक्यात पुस्तकं आणि भांडी आहेत!

अलका : पुस्तकं, भांडी आणि माझं आठ वर्षांचं काम, त्या व्याख्यानाच्या सीडीसकट. तुला 'भांडी' तेवढं ऐकू आलं असेल.

हेमचंद्र : हळू बोल. भिंती पातळ आहेत.

अलका : त्या भिंतीपलीकडे मल्याळी कुटुंब आहे. त्यांना माझा प्रबंध समजला तर मला आनंदच होईल. यासीनभाई, तुम्ही सांगा. बंदरावर काय झालं?

यासीन : माझं काम दम्मामच्या कस्टममधून खोकी सोडवायचं. पण तुमच्या खोक्यात एका अमेरिकन बँडच्या सीड्या निघाल्या. वर चित्रं, शिंगंवाली, कवटीवाली. त्यांचं एवढं काय नाय, काळा मार्कर फिरवतात नायतर ठेवून घेतात. पण ही कोरी सीडी मुदीरने स्वतः ऐकली. तिथला मोठा साहेब तो. मला बोलला, "तू हिंदी, म्हंजे हिंदुस्थानी, आहेस ना? उद्या सकाळी ये. शपथ घेऊन सांगायचं, ही बाई काय बोलते." मी घरी न जाता थेट इकडे खोबरला आलो.

हेमचंद्र : आणि तुम्हाला काय कळलं?

यासीन : खरं सांगू? वहिनी, राग मानू नका. मराठी माझी पण हाय, रत्नागिरीला शाळेत शिकलो. पण तुमचं ते 'ध्वनिसंकल्पनेचं विघटन'... माझ्या बापाला पण कळलं नसतं. तीनच शब्द कळले. अमेरिका. सैतान. आणि स्फोट.

हेमचंद्र : अरे देवा.

अलका : वा. माझ्या संशोधनाचा इतका आटोपशीर गोषवारा माझ्या मार्गदर्शकांनाही कधी जमला नाही.

हेमचंद्र : विनोद सुचतोय तुला? सौदीत आहोत आपण. गेल्या वर्षी या गावात गोळीबार झाला. तेव्हापासून चौकाचौकात बंदुका आहेत. आणि माझ्या बायकोच्या सीडीवर अमेरिका, सैतान, स्फोट! माझा इथे राहायचा परवाना, इकामा, कंपनीच्या ताब्यात आहे. एक फोन गेला की खलास. नुसतं परत पाठवलं तर नशीब म्हणायचं.

यासीन : साहेब, घाबरू नका. मी सांगतो, कळलं नाय. खरंच नाय कळलं. शपथेवर पण चालेल.

हेमचंद्र : बस्स! हेच सांगा. दुसरं काही नको.

अलका : आणि मग मुदीर खांदे उडवून तबकडी परत देईल? तो दुसरा माणूस शोधेल. दम्माममध्ये मराठी समजणारे काय कमी आहेत? त्यालाही हेच तीन शब्द कळतील. फक्त तो आधी आपल्या घरी येणार नाही.

हेमचंद्र : तेव्हाचं तेव्हा बघू.

अलका : हेमचंद्र, मला न कळलेल्या माणसाची भीती वाटत नाही. अर्धवट कळलेल्याची वाटते. बसा, यासीनभाई. तुमच्याच भाषेत सांगते. मलाही कधीतरी ती बोलता यायची. 'हॉलो सायलो' हा अमेरिकेतल्या ओहायोमधला बँड. चार मुलं, चौघांचे बाप पोलादाच्या एकाच कारखान्यात. कारखान्याला टाळं लागलं आणि मुलांनी पहिली रेकॉर्ड केली. गिटारच्या तारा सैल करून स्वर खाली उतरवला, कारण त्यांना भट्टीचा आवाज हवा होता. बापांचा आवाज. त्याला मी स्फोट म्हटलं.

यासीन : म्हंजे बॉम्ब नाय.

अलका : बॉम्ब नाही. भट्टी.

हेमचंद्र : झालं. स्फोट म्हणजे भट्टी. चहा घ्या, यासीनभाई.

यासीन : घेतो. आणि सैतान?

अलका : तो दुसऱ्या रेकॉर्डवर आला. रेकॉर्ड विकणाऱ्यांना हवा होता. शिंगं, कवट्या, ज्वाळा. पोरं हौसेने विकत घेतात. पगारावर ठेवलेला सैतान होता तो. पुढे वेग वाढला, भिंतीएवढे स्पीकर आले, मग रेडिओला रुचतील असे गोडगोड कीबोर्ड आले. मैदानं भरू लागली. आवाज जितका मोठा होत गेला, तितका आतला राग लहान होत गेला. माझा प्रबंध एवढाच आहे. बाकी सगळ्या तळटीपा.

यासीन : हे सांगता येईल. दुकानदारीचा सैतान. मुदीर हसेल पण.

हेमचंद्र : ऐकलंस? हसेल. आता थांब.

यासीन : पण शेवटी तुमचा आवाज एकदम खाली गेला, वहिनी. मुदीर पण कान देऊन पुढे वाकला. तिथे काय बोललात?

हेमचंद्र : अलका, नको.

अलका : का नको? सगळं व्याख्यान त्या जागेसाठीच तर होतं.

हेमचंद्र : मी ऐकलंय ते. पहिल्या रांगेत बसलो होतो. पाया पडतो तुझ्या, नको.

(खालच्या मशिदीतून मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची बांग येते. यासीन कप खाली ठेवतो. बांग संपते. अलकाला क्षणभर वाटतं, आता आपल्याला गप्प राहता येईल.)

यासीन : मला नमाजाला जायचंय. सांगायचं तर आता सांगा.

अलका : गायक पाद्र्याचा मुलगा होता. पहिल्या रेकॉर्डमध्ये तो देवाला हाक मारतो. कारखाना पुन्हा सुरू कर म्हणतो. मग त्यांचा ड्रम वाजवणारा मेला, आणि तो देवाला जाब विचारू लागला. ओरडून, वर्षानुवर्षं. शेवटच्या रेकॉर्डमध्ये गिटार जवळजवळ नाहीच. एक ऑर्गन, आणि मध्ये लांबलचक शांतता. समीक्षक म्हणाले, बँड थकला. मी म्हटलं, थकला नाही. त्याला कळून चुकलं होतं की आपण ज्याच्याशी भांडतोय, तिथे कुणी नाहीच. रिकाम्या घरात कोण ओरडेल?

यासीन : कुणी नाहीच... म्हंजे?

हेमचंद्र : म्हणजे काही नाही! गाण्यातलं आहे ते, तिकडच्या लोकांचं...

यासीन : साहेब, थांबा. वहिनी, हे तो गायक बोलला, की तुम्ही?

अलका : त्याने गायलं. मी म्हटलं, त्याचं बरोबर होतं.

यासीन : असं बोललात? त्या सीडीवर?

अलका : पुण्यात, भरल्या सभागृहात. टाळ्या पडल्या होत्या.

हेमचंद्र : यासीनभाई, तुम्ही हे ऐकलंच नाही. उद्या सांगा, कळलं नाही. मघाशी तुम्हीच म्हणालात ना!

यासीन : मघाशी नव्हतं कळलं, साहेब. आणि उद्या शपथ हाय.

अलका : यासीनभाई... मग उद्या काय सांगाल?

यासीन : ठाऊक नाय, वहिनी. मघापर्यंत ठाऊक होतं.