कोळशाच्या अंदाजानं बांधलेली कमान

लिहून घ्या ताई, आमचं मूळ सांगायचं म्हटलं तं तांड्याचं, मुकुटबनच्या तिकडं, नाल्याच्या अल्याड. आमचे आजे-पणजे लदेनीवाले, म्हणजे बैलाच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून गावोगाव नेत, आता हे मी नाई पाह्यलं, माह्या याडीनं बी नाई पाह्यलं, याडी म्हणजे आई जी, पण तिच्या आजीनं पाह्यलं होतं अन् ते सारं याडीच्या तोंडात बसलं होतं. शाळेचं तोंड नाई पाह्यलं तिनं, पण कोणत्या बैलावर किती वझं टाकाव ते तिलेच इचाराव. माहं नाव देविदास. सहा एकर वावर होतं आमचं, सारा कापूस, अन् मंग कापसाचे ते वाईट वर्सं आले, त्याचं पेपरात लय लिहून आलं, मी त्याच्यावर बोलाले बसलो तं तुमी आज उठत नाई ताई. मी एवढंच केलं का वावर भावाच्या हवाली केलं, बैल विकले, अन् कामाले वणीले जाऊ लागलो, घर तांड्यावरच.

वणीले कोळशाचे ट्रक. तिथं कमानीच्या दुकानात लागलो. कमान म्हणजे चाकाच्या वरतं लोखंडाचे वाकवलेले पाटे असतेत, एकावर एक बांधलेले, गाडीचं सारं वझं त्याच्यावर. पाटा भट्टीत लाल करायचा, घनानं ठोकून बाक द्यायचा, अन् तेलात बुडवायचा, असा चर्र करे का अंगावर काटा येये. आमचा मिस्त्री म्हणे, देविदास, कमान ठोकायची तं डोक्यात कोळसा धरून ठोकायची. म्हणजे ट्रक रिकामा असला तं खुशाल मागून उंच दिसू दे, कोळसा पडला का आपोआप दबते. बारा वर्सं मी हेच केलं, हातालेच सवय होऊन गेली.

त्याच्यातच एक लहानशी जीप भेटली, चारही चाकाले जोर लागणारी, कोणा साहेबानं भंगारात टाकलेली. दर रइवारी बसून तिले उभी केली. माही बायको सुमन म्हणे, का मले सवत आणली यायनं, अन् सवतीचं तोंड बी कसं काळं ग्रीसचं. पण ते म्या याडीसाठी केलं होतं. तिचे गुडघे गेलते, कंबर गेलती, बैलबंडीत बसली का हाडं मोकळे होत. त्याच्यानं तिले कुठं जाले येत नोहतं, अन् तिची एकच बहीण, झमकीमावशी, नाल्याच्या पल्याड दिलेली, सात कोसावर. दोघी पाठच्या बहिणी. लहानपणी एका घोंगडीत झोपत अन् घोंगडीवरूनच भांडत.

तं काय सांगू तुमाले, भर पावसाळ्यात मावशीचा निरोप आला. तिचा पोरगा प्रकाश, त्यानं कोणाच्या हातून सांगून धाडलं का मायनं अन्न सोडलं, बहिणीचंच नाव घेऊन राह्यली, याचं असंल तं या. याडीनं लुगडं बदललं अन् जीपजवळ येऊन उभी राह्यली. निघालो. नाल्यात पाणी गुडघ्याइतकंच होतं, पण दगडं मोठमोठे, अन् मधात जाऊन गाडीचं पोटच बसलं दगडावर. चाकं हवेत फिरून राह्यले. तांड्यातले आठ जण आले, ढकलून मांगं घेतली गाडी. याडी मांगच्या सीटवर तशीच, तोंड पल्याडच्या काठाकडं.  रागावली असती तं बरं झालं असतं.

घरी आलो, म्हटलं सुमन, गाडी उंच कराव लागते. वणीले जाऊन एका लहान मालट्रकच्या भंगारातले पाटे आणले, या जीपेले बसन असे, अन् बाक देल्ला चांगला. आता गाडी उंच झाली का नुसती कमान बदलून भागत नाई, धक्के झेलाचे शॉकप लांब लागतेत, ब्रेकचा पाइप तोकडा पडते, तोबी लांब टाकला. दोन दिवस भाकर बी गाडीखालीच खाल्ली. धाकधूक एकच, मावशी थांबते का नाई. तिसऱ्या दिवशी सकाळी जॅक काढला अन् गाडी उभी केली, तं वा! काय उंच! तांड्यातले पोट्टे टाळ्या वाजवाले लागले. मी बी छाती फुगवून उभा.

अन् याडी आली, अन् पाय वर केला, अन् पाय पुरेच ना.

दुसरा पाय केला. दाराले धरून केला. नाई. सुमन माह्याकडं पाहे, मी गाडीकडं. तवा डोक्यात उजेड पडला ताई, म्या कमान कोळसा धरून ठोकली होती! ट्रकले वझं पडते अन् तो खाली बसते, पण माही याडी वजनाले कायची, चाळीस किलोची बाई, तिच्यानं कोणता पाटा दबते? बारा वर्साच्या सवयीनं घात केला. म्हटलं याडी, मी उचलून बसवतो. तं अशी पाह्यली माह्याकडं! म्हणे, उचलतेत ते मढ्याले. माही बहीण वाट पाहून राह्यली, मी तिच्याकडं मढ्यावानी उचलून नाई जात.

म्हटलं, मंग दोन पाटे काढतो, कमी करतो उंची. रडू येऊन राह्यलं होतं मले, खोटं कायले सांगू, काढाचं म्हणजे अजून एक दिवस. पाना हातात घेतला तं याडी म्हणे, ठेव तो. बैल उंच असला तं त्याचे पाय कापते का कोणी? लदेनीवाले बैल सखल जागी उभा करत अन् आपण बांधावर चढून गोणी ठेवत. गाडी धुऱ्याले लाव. आता धुरा तुमाले माहीत असंल, वावराचा बांध. मी गाडी नेऊन धुऱ्याले चिपकवली, याडी सुमनचा हात धरून धुऱ्यावर चढली, अन् घरात पाऊल टाकाव तशी गाडीत गेली. बसल्यावर म्हणे, चाल, पाहत काय राह्यला.

नाला पार झाला. एक दगड बी लागला नाई.

मावशीच्या अंगणात गेलो, तं तिथं ना धुरा ना ओटा, सपाट जमीन. आता चढण्यापेक्षा उतरणं कठीण, अन् याडी उचलू देत नाई. प्रकाश बाहेर आला, याडीले म्हणे, मावशी उतर ना, माय आत हाये, उठत नाई ती. याडी म्हणे, मी उतरत नाई बेटा, तुहा भाऊ मले माडीवर चढवून बसला. मी खाली मान घालून उभा, म्हटलं सात कोस येऊन दहा पावलं राह्यले. आतून मावशीचा बारीक आवाज आला, कोण हाये रे? अन् याडी गाडीतून ओरडली, मी हावो! ताई, तो आवाज मले अजून ऐकू येते.

प्रकाशनं बंडी वढून आणली, तिच्यात कडबा टाकला, वरतं गोधडी, अन् मावशीले दोघांनी धरून बंडीत निजवली. मंग बंडी ढकलत ढकलत जीपेच्या बाजूनं आणून लावली. अन् पाहतो तं काय, बंडी अन् माही गाडी एका उंचीच्या! मढ्याले उचलतेत म्हणणारी याडी बहिणीले उचललं तवा काही बोलली नाई, नुसता हात बाहेर काढला. मावशीनं तो धरला. मावशी म्हणे, गाडीत बसली म्हणून खाली येत नाई व्हय, मोठी पाटलीण झाली. याडी म्हणे, तू कोणती उठून आली सामोर? अन् दोघी हासल्या. आमाले म्हणे, जा तिकडं. मी अन् प्रकाश लिंबाखाली जाऊन बसलो. दुपार सारी दोघी बोलून राह्यल्या. मधात मावशीनं याडीच्या हातानं ताक पेलं, अर्धा गिलास, प्रकाश ते पाहून तिकडं तोंड करून रडला.

परत येताना मी गाडी जोरात हाणत होतो, आभाळ भरून आलतं. याडी म्हणे, हळू चाल बेटा, आता काय घाई हाये. मावशी पोळ्याच्या आधी गेली. तवा नाल्याले पूर, जाले आलं नाई. याडी म्हणे, मी भेटली ना तिले, बस. त्याच्यानंतर याडी चार वर्सं राह्यली. मी तिच्याशी लय भांडलो बी जी, पण असं माणूस मले दुसरं भेटलं नाई.

आता माहं सोताचं दुकान हाये फाट्यावर. आताचे पोट्टे येतेत, मोबाइलमधी फोटो दाखवतेत, काका, जीप अशी उंच करून द्या, शान पाह्यजे. मी इचारतो, घरी म्हातारी हाये का? हाये म्हणते. मंग म्हणतो, पहिले तिले घेऊन ये, पाय टाकून पाहू दे, तिचा पाय जिथवर पुरते तिथवर उंची, त्याच्यावर मी पाना लावत नाई. काही हासतेत अन् वणीले निघून जातेत, जाऊ द्या, त्यायचं बी भलं होवो. काही खरंच घेऊन येतेत आजीले.

तुमाले बहीण हाये का ताई? लांब असते? मंग हे लिहिणं होत राहीन, पहिले जाऊन या.