आत न गेलेलं प्रथिन

पंचवटीतल्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी सायखेड्याच्या मायलेकी बसल्या होत्या. मुलगी सतरा-अठराची असेल.

“प्रांजल, डाक्टर मॅडम काय म्हनल्या? मला नाय उमजलं.”

“हळू बोल, आई. पेशीत प्रथिनं केंद्रकाच्या बाहेर तयार होतात. काहींना केंद्रकात जावं लागतं. आत शिरायची खूण त्यांच्याच अंगावर असते. माझ्या एका प्रथिनाची ती खूण बिघडलीय, म्हणून ते आत गेलंच नाही.”

“आत जाऊन काय करनार व्हतं?”

“तुझ्या पोटात असताना मला मुलगा करणार होतं.”

“काय बोलती तू?”

“माझी गुणसूत्रं मुलाची आहेत. ते आत गेलं नाही, म्हणून मी मुलगी झाले. पाळीही त्यामुळेच आली नाही.”

“आन् मग ऑपरेशन कशाचं?”

“पोटातल्या जननग्रंथी अर्धवट राहिल्यात. पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून त्या काढायच्या.”

आई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“आई, माझ्याकडे बघ ना.”

“तुझ्या बापाला काय सांगू?”

“आधी माझ्याकडे बघ.”

नर्सने दार उघडलं. “पेशंट कोण आहे?”

आई मुलीचा हात धरून उठली.

“ही. माझी लेक.”