काकांचे कोचला दोन प्रश्न

आमच्या टेक्ससमधल्या प्लेनोतल्या पोरांचा फुटबॉल कोच घानाकडून वर्ल्ड कप खेळून रिटायर झालेला मिडफिल्डर. यार, त्याने जोशीकाकांच्या नातवाला स्ट्रायकरवरून मिडफिल्डला हलवलं. घोर अन्याय! पुण्याहून नातवाची मॅच बघायला आलेले काका तडक मैदानात घुसले आणि अस्खलित पुणेरी इंग्रजीत म्हणाले, “तुम्ही स्वतः गोल किती केलेत?”

“फारसे नाही, काका. मी पास द्यायचो, गोल दुसरे करायचे.”

“म्हणजे अभ्यास तुमचा आणि मार्क दुसऱ्याला! घरचे काही बोलले नाहीत?”

“घरचे नाही, शेजारचे काका बोलायचे. रोज. त्यांना कंटाळून तर मी युरोपात खेळायला गेलो,” कोच म्हणाला. “त्यांचे भाऊ टेक्ससमध्ये भेटतील, असं वाटलं नव्हतं.”